बैलाचा संबंध नाही

विद्यानगर, हुबळी येथील समस्त रहिवाशांना, गोकुळ रोडवरील तमाम लेथवाल्यांना आणि अळणावर भागातल्या एका पांढऱ्या बैलाला या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, स्विस चार्ड नावाची परदेशी पालेभाजी आमच्या गल्लीत रीतसर आणि साक्षीदारांसमक्ष दाखल झाली असून, ती दाखल करणारे नारायणअण्णा शिराळे यांनी त्या कामी कोणतीही लबाडी केलेली नाही. एक चूक केली. ती का झाली आणि कशी निस्तरली, हे सांगणारा आता मीच उरलो आहे, कारण दुसरा साक्षीदार चार पायांचा आहे.

अण्णा माझ्या दुकानाच्या समोर राहायचे. माझं दुकान वह्या, पेनं आणि झेरॉक्सचं. त्यांचं वर्कशॉप गोकुळ रोडला. पिठाच्या गिरणीचे शाफ्ट आणि बुश बनवायचं काम, पन्नास वर्षं एकच. उंच, वाळके, खांद्यात किंचित वाकलेले. सगळं आयुष्य लेथवर वाकण्यात गेल्यावर माणूस सरळ उभा राहिला तरच आश्चर्य. शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम: एक व्हर्निअर आणि एक पांढरा खडू. व्हर्निअरने मोजायचं आणि पसंत पडलं की खडूने वर ‘ओके’ लिहायचं. वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शाफ्टवर हा ओके असायचा. हळूहळू तो शाफ्टवरून इतरत्र पसरला. आमच्या गल्लीतल्या नव्या फाटकावर ओके. पाण्याच्या मोटारीवर ओके. एकदा नारळवाल्याच्या हातगाडीवरच्या सहा नारळांपैकी दोनांवर ओके लिहून अण्णा निघून गेले, आणि उरलेले चार संध्याकाळपर्यंत कोणी घेतले नाहीत.

“एक सूत इकडंतिकडं चालतंय,” हे त्यांचं सगळ्यावरचं मत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मुलीच्या लग्नात जावयाच्या घरच्यांची उंची, उत्पन्न आणि स्वभाव यांवर त्यांनी हेच मत दिलं होतं. “दोन सूत नको. एक सूत चालतंय.”

दुसरी खोड म्हणजे ते सगळ्यांना ‘अहो’ म्हणायचे. गिऱ्हाइकांना म्हणत, भाजीवालीला म्हणत, यात नवल नाही. पण ते लेथलाही म्हणत. सकाळी मशीन कुरकुरलं की पट्ट्यावर हात ठेवून विचारत, “काय हो, आज काय बिनसलंय तुमचं?” रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर, “जरा बाजूला होता का?” कुत्रं व्हायचं. जगात एकाच व्यक्तीला ते ‘तू’ म्हणायचे. ती व्यक्ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, अंबूअक्का.

अक्का त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा अक्कांनी त्यांना वाढवलं. पुढं अक्का तरुणपणीच विधवा होऊन परत आल्या आणि राहिल्या. अण्णांची बायको वारली, मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली. घरात ही दोघं उरली, आणि अक्कांचे नियम. कुठल्या वारी काय खायचं नाही, कुठल्या महिन्यात काय चिरायचं नाही, कुठलं भांडं कुठल्या भांड्याला लागायचं नाही. अण्णा ते सगळे नियम मशीनच्या मॅन्युअलसारखे पाळत. पटतात की नाही असा प्रश्न त्यांना पडत नसे.

तर या अक्कांचे गुडघे गेले. रोज सकाळी देवळापर्यंत चालत जाऊन येणारी बाई पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून जायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला, गुडघे बदलू म्हणाले, आणि मग रक्ताचा कागद बघून पेन खाली ठेवलं.

“रक्त फार कमी आहे. आकडा दहाच्या पुढं गेल्याशिवाय मी हात लावणार नाही. लोहाच्या गोळ्या देतो. नेमानं घ्या. आणि जेवा, मावशी. तुम्ही जेवता काय?”

“भाकरी खाते, ताक पिते. अष्टे,” अक्का म्हणाल्या. अष्टे म्हणजे एवढंच.

गोळ्या अक्कांना सोसेनात. उपाशीपोटी घेतली की मळमळायचं, आणि भरल्या पोटी घ्यायला पोट भरायचंच नाही. आठव्या दिवशी त्यांनी डबी अण्णांच्या हातात ठेवली. “नारू, पोटात तुझ्या वर्कशॉपचा चुरा पडल्यासारखा वाटतोय. बेडा मला, नको.”

अण्णा माझ्या पायरीवर येऊन बसले. मग म्हणाले, “शेजारी,” कारण मला ते नावानं कधी हाक मारत नसत, “शेजारी, पन्नास वर्षं मी लोखंडात हात घालून बसलोय. आणि माझ्या बहिणीच्या अंगात लोखंड नाही.”

ही पार्श्वभूमी. आता चार्डचा प्रवेश.

धारवाडच्या बाजूला एकाचं पॉलीहाऊस होतं. तिथून हॉटेलांना परदेशी भाज्या जात. त्याचा पंप बिघडला म्हणून अण्णा गेले आणि परत आले ते हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपं घेऊन. पानं पालकासारखी, पण हातभर मोठी आणि चुरगळलेली. दांडे लाल, पिवळे, शेंदरी, एक तर चक्क गुलाबी. दांड्यांचा रंग बघून त्यांच्यातला कारागीर हरला होता. “बघा, शेजारी, पेंट नाही. आतून रंग आहे. कापला तरी तोच.”

वर्कशॉपमागं पाण्याची एक फुटलेली प्लास्टिकची टाकी पडली होती. ती आडवी कापून त्यांनी दोन कुंड्या केल्या. माती कुठली घालायची, तर काशव्वाची. काशव्वा अळणावरकडच्या खेड्यातली, आठवड्यातून दोनदा सकाळच्या गाडीने भाजी घेऊन येणारी, माझ्या दुकानाच्या पायरीवर पाटी मांडून बसणारी बाई. तिनं गावच्या तळ्यातला गाळ आणि शेणखत अशी चार पोती टेम्पोनं पाठवली. अण्णांनी स्वतः खुरप्यानं माती सारखी केली, पट्टीनं अंतर मोजून रोपं लावली आणि कुंडीवर खडूनं ओके लिहिलं.

मग ते माझ्याकडं आले, या भाजीत काय काय असतं ते इंटरनेटवरून छापून द्या म्हणाले. मी आठ पानं छापून दिली. ती त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं तीन दिवस वाचली. चौथ्या दिवशी गल्लीला व्याख्यान.

“ए, सी आणि के जीवनसत्त्व. मॅग्नेशियम, पोटॅशियम. मीठ अंगचंच असतंय, म्हणून वरून हात आखडता घ्यायचा. लोह आहे. पण,” इथं बोट वर, “ते सगळं आपल्याला मिळत नाही. आत ऑक्झलेट म्हणून एक बसलेलं असतंय, ते लोहाला धरून ठेवतंय. गंजलेला नट बघितलाय? तसं. मग आपण काय करतो? तेल सोडतो. इथं लिंबू पिळायचं. लिंबानं नट ढिला होतोय.”

“म्हणजे रोज खाल्लं की झालं?” कोणीतरी विचारलं.

“कुणी सांगितलं? मुतखडा असेल तर लांब राहायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारायचं, यातलं के त्या गोळीच्या आड येतंय. मशीनला जे वंगण चालतंय ते घड्याळाला चालत नाही.”

आमच्या गल्लीतले बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णी यांना मुतखडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फाटकावर खडूनं ‘रिजेक्ट’ असं लिहिलेलं आढळलं. कुलकर्णींनी त्याचं कारण सात जणांना समजावून सांगितलं आणि आठवा विचारायला येण्याआधी फाटक धुऊन टाकलं.

पहिली तोडणी झाली तेव्हा अण्णांनी स्वतः स्वयंपाक केला. पद्धत त्यांचीच. दांडा वेगळा, पान वेगळं. “दांडा जाड काम आहे, पान फिनिशिंग. दोन्ही एकदम टाकलं की एक कच्चं राहतंय, दुसरं जळतंय.” दांडे बोटभर कापून, लसूण आणि हिरवी मिरची घालून आधी परतायचे, वाफ आणायची, मग चिरलेलं पान, आणि पान बसलं की गॅस बंद. वरून लिंबू. ही झाली सुकी भाजी, ज्वारीच्या भाकरीबरोबर. तूरडाळ आणि चिंच घालून पातळ केली. ताक आणि बेसन लावून केली. मोठ्या पानांना बेसन फासून, गुंडाळून, उकडून अळूवडीसारख्या वड्या केल्या, त्या मात्र खरंच चांगल्या झाल्या. पानाला खाज नाही, त्यामुळं खाणाऱ्याला चिंता नाही. चार्ड थालीपिठात घातला. भातात घातला, तर लाल दांड्यानं भात गुलाबी झाला आणि शेजारच्या घरातल्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला तोच भात गेला.

इथवर गल्लीनं सहन केलं. पण एका रविवारी अण्णांनी गिरमिटात पिवळे दांडे बारीक चिरून घातले. चुरमुऱ्यांच्या या गिरमिटाच्या बाबतीत हुबळीचा माणूस फार हळवा असतो. कांदा किती आणि डाळं किती यावर इथं सख्ख्या भावांत बोलणं बंद होतं. कुलकर्णींनी बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “अण्णा, माझ्या फाटकावर लिहिलंत ते मी विसरलो. हे नाही विसरणार.”

पण हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी होता त्यांनी एक घाससुद्धा घेतला नव्हता.

“ज्याचं नाव आपल्या आजीला ठाऊक नव्हतं ते मी खात नाही,” अक्का म्हणाल्या.

“आजीला बटाटा तरी कुठं ठाऊक होता?”

“बटाटा गरीब असतो. ह्याचे दांडे बघ, जत्रेला निघाल्यासारखे.”

“अक्का, हा परका नाही. आपला बाजारातला पालक, बीट आणि हा, एका घरातले. कागदात आहे. चुलतभाऊ समज.”

“मग चुलतभावाला बघितलंय मी, तेवढं पुरे. ह्याची ओळख नको.”

गोळ्यांची डबी देवघराच्या फळीवर तशीच. दर पंधरा दिवसांनी रक्ताचा कागद यायचा आणि आकडा आणखी थोडा खाली सरकलेला असायचा. डॉक्टर पुन्हा तेच सांगायचे. अक्का आता देवघरापर्यंतही जात नव्हत्या. पलंगावरूनच हात जोडत. अण्णा वर्कशॉपमधून दुपारी एकदा घरी येऊ लागले. त्या काळात त्यांनी कशावरही ओके लिहिलेलं मला आठवत नाही.

भाद्रपद आला. अक्का कितीही आजारी असल्या तरी एक व्रत चुकायचं नाही, ते ऋषिपंचमीचं. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही. परसात, कुंपणाला, हातानं खणून लावलेलं असेल तेवढंच: अळू, माठ, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. सगळ्यांची मिळून एक भाजी. वर्षभर बैल आपल्यासाठी राबतो, एक दिवस त्याच्या कष्टाला हात लावायचा नाही, असा त्यातला भाव. पूर्वी परसं होती. आता ही भाजी शोधणं म्हणजे एक काम झालंय. दर वर्षी अक्का काशव्वाची उलटतपासणी घ्यायच्या, आणि त्या वर्षीही पलंग खिडकीशी ओढून घेऊन त्यांनी ती घेतली.

“काशव्वा, हा माठ कुठला?”

“परड्यातला, अक्का.”

“बैल फिरला होता का तिथं?”

“बैल कुठं राहिलेत री गावात? चारच हाईत. बाकी सगळा ट्रॅक्टर. तुमचं व्रत आता बारा महिने झालं बघा, काय बी खावा.”

अक्कांनी क्षणभर विचार केला. “ट्रॅक्टरवर बसणाऱ्याचे श्रम असतातच की. हातानं खणलेलंच दे.”

हे संभाषण अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो बदल झाला तो मी दुकानातून पाहिला. एखादा न बसणारा बुश अचानक जागेवर बसावा तसा तो चेहरा दिसत होता. ते रस्ता ओलांडून आले.

“शेजारी, एक दाखला टाइप करून द्या. वर्कशॉपचा असतो तसा.”

तो दाखला अजून माझ्याकडं आहे. ‘वस्तू: स्विस चार्ड. लागवड: प्लास्टिकची टाकी, हाताने. नांगर: नाही. कुळव: नाही. पेरणी: हाताने. माती: तळ्यातील. बैलाचा संबंध: नाही. तपासून पाहिले. ओके.’ खाली सही.

माती तळ्यातली म्हणताना त्यांनी काशव्वाला रीतसर विचारलं होतं, “यात नांगरट नाही ना?” आणि काशव्वा म्हणाली होती, “तळ्यात कोण नांगरणार री?” उत्तर खरं होतं.

अक्कांनी दाखला चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “नियम बैलाचा आहे. देशाचा नाही.” थोडं थांबून, “दांडे लहान चीर. वर दिसायला नकोत.”

ऋषिपंचमीच्या दुपारी अक्कांनी स्विस चार्ड खाल्ला. अळू आणि भोपळ्यांत मिसळलेला, नारळ घातलेला, लिंबू पिळलेला. आधी चमच्यानं बाजूला सारला, मग त्याच चमच्यानं जवळ घेतला. दुसऱ्यांदा भाजी मागितली. अण्णा पुढं बसून मोजत होते, मला वाटतं घाससुद्धा. जेवण झाल्यावर, पोट भरलंय तर, म्हणून त्यांनी हळूच गोळी पुढं केली. अक्कांनी ती घेतली. मळमळलं नाही.

मग रोज. एकदा दारातून आत आलेल्याला अक्का परत पाठवत नसत, तो पाहुणा असो की पाला. दुपारी भाकरी, चार्डची भाजी, लिंबू, वर गोळी. जेवणाला लागून चहा नाही, कारण तो लोहाच्या आड येतो, हे अण्णांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. चार दिवसांत अक्का उठून बसायला लागल्या. कुंडीवर पुन्हा नवा ओके झळकला.

पाचव्या दिवशी काशव्वा आली. खिडकीतून अक्कांचं ताट बघितलं आणि खूश झाली.

“अय्य, सोसतंय की अक्कांना. आमच्या सर्ज्याचं पुण्य बघा.”

“सर्ज्या कोण?” अक्कांनी विचारलं.

“बैल आमचा. ती चार पोती तळ्यातनं रस्त्यापर्यंत गाडीतनं त्यानंच आणली. चढ लई वाईट तिथं. भिजलेला गाळ, वजन केवढं. निम्म्यात गुडघं टेकलं बघा त्यानं. परत उठला, पण आणलीच.”

अक्कांचा हात ताटावर थांबला.

“गुडघे टेकले?”

“दोन्ही, यव्वा.”

अक्कांनी घास ताटात परत ठेवला. पाणी प्यायल्या. ताट सरकवलं. काशव्वाला काय झालं ते कळलं नाही, अण्णांना कळलं. ते माझ्यासमोरच उभे होते. त्यांनी खिशातून दाखल्याची प्रत काढली, ‘बैलाचा संबंध’ या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच ठेवून उभे राहिले.

“अक्का, ती गाडी होती. नांगर नव्हता,” ते म्हणाले.

“नारू, श्रम ते श्रम. मला गुडघे काय असतात ते माहीत आहे.”

त्या दिवसापासून चार्ड बंद. पोट भरेना म्हणून गोळीही बंद. भाकरी, ताक, अष्टे. मी अण्णांना सांगून बघितलं की हा प्रकार कुणाच्या लक्षातही आला नसता. ते म्हणाले, “शेजारी, माझ्या शाफ्टमध्ये चीर असली आणि गिरणीवाल्याच्या लक्षात आली नाही, तर शाफ्ट बरा होतोय काय?” संध्याकाळी गोकुळ रोडला गेलो तेव्हा कुंडीवरचा ओके पुसलेला होता. तिथं रिजेक्ट लिहिलं होतं, आणि खाली कंसात: ‘तपासणाऱ्याची चूक’. वर्कशॉप तीन दिवस बंद राहिलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच.

चौथ्या दिवशी अक्कांनी निकाल दिला. हाक मारून अण्णांना आणि मला बोलावलं.

“बैलाचं घेतलंय, ते बैलाला द्यायचं. जे मी खाल्लं तेच. त्यानं खाल्लं तर मी खाईन.”

“उद्याच काशव्वाबरोबर पाठवतो,” अण्णा म्हणाले.

“पाठवायचं नाही. तू जायचं, मी बघायला येणार. आणि ऐक. दावं सोडून द्यायचं. ओढायचं नाही, तोंडात कोंबायचं नाही. आपणहून आला पाहिजे. त्या दिवशी त्याला कुणी विचारलं नव्हतं.”

माझी जुनी गाडी आहे, म्हणून मी या कथेत आहे. पुढं अण्णा, मांडीवर चार्डच्या चार जुड्या, प्रत्येक जुडी मोजून वीस पानांची. मागं अक्का, दोन उशांवर पाय. अळणावरच्या रस्त्याला खड्डा आला की अक्का आवाज न करता दार घट्ट धरायच्या आणि अण्णा माझ्याकडं बघायचे, जणू खड्डे मी खणले होते.

गावात काशव्वाच्या अंगणाबाहेर गाडी लावली. अक्का दार उघडं ठेवून सीटवरच बसल्या. निम्मं गाव जमलं. सर्ज्या म्हणजे थोराड, पांढरा, आता वयानं संथ झालेला बैल, चिंचेखाली बांधलेला. काशव्वाच्या दिरानं दावं सोडलं आणि बाजूला झाला.

अण्णा पंधरा पावलांवर उभे राहिले. दोन्ही हातांत जुडी, लाल-पिवळे दांडे खाली लोंबलेले. सर्ज्यानं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागला.

“या,” अण्णा म्हणाले.

गर्दीतून कोणीतरी हसलं. “बैलाला या म्हणतोय बघा.”

अण्णांनी लक्ष दिलं नाही. “या हो. घाई नाही. सावकाश या. गाळ फार जड होता, मला कळलं नाही. आता असं होणार नाही.”

सर्ज्या उठला. उठताना त्याचे पुढचे गुडघे थरथरले, ते मी पाहिलं, आणि गाडीत अक्कांनी आपल्याच गुडघ्यांवर हात ठेवले, तेही पाहिलं. एक पाऊल. थांबला. अण्णा एक पाऊल मागं सरले, जुडी तशीच पुढं धरून. “या, या. असंच. भिंत नाही लागत, बघा.” ही भिंत कुठून आली ते बैलाला कळलं नसावं. आणखी एक पाऊल. अण्णा उलटे, पाठीमागं न बघता, शेणातून, दगडांतून, हात पुढं करून मागं मागं येत गाडीच्या दारापाशी पोचले, आणि सर्ज्या त्यांच्यामागून त्यांच्यासमोर. दारापाशी त्यानं जुडीचा वास घेतला. मग अण्णांच्या हाताचा घेतला, त्याला लोखंडाचा आणि ऑइलचा वास असणार. फुरफुरला. आणि खाल्लं. दांडा आधी की पान आधी याचा कसलाही विचार न करता सगळं एकदम. चारही जुड्या. शेवटी अण्णांच्या खिशातला दाखला ओढायला लागला, तेव्हा काशव्वाच्या दिरानं त्याला धरलं.

“खाल्लं,” अक्का म्हणाल्या. “आता घरी चल, मला भूक लागलीय.”

त्यानंतर सगळं सरळ झालं. आकडा चढायला तीन महिने लागले. डॉक्टरांनी श्रेय गोळ्यांना दिलं; म्हणाले, पालेभाजी चांगलीच, पण नुसत्या पालेभाजीनं हे झालं नसतं. अण्णांनी श्रेय लिंबाला दिलं, कारण नट त्यानं सोडवला. अक्कांनी श्रेय कुणाला दिलं ते सांगायला नको. दर महिन्याला काशव्वाबरोबर एक जुडी अळणावरला जाऊ लागली. थंडीत दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं.

पुढच्या पावसाळ्यात अण्णा गेले. दुपारी वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या, कुणालाही त्रास न देता. लेथवर लावलेला शाफ्ट अर्धा राहिला होता, त्यावर ओके नव्हता. मुलीनं त्या कुंड्या घराच्या दारात आणून ठेवल्या. अक्का रोज सकाळी स्वतःच्या पायांनी देवळात जाऊन येतात, मग कुंड्यांना पाणी घालतात. कुंडीवरचं रिजेक्ट पुसायचं अण्णांकडून राहून गेलं होतं की त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं, ते मला माहीत नाही. अक्का त्याच्यावर पाणी उडू देत नाहीत.

पण अण्णा आठवले की मला खुर्ची आठवत नाही. मला दवाखान्याचा बोळ आठवतो, ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. अक्कांना वॉकर देऊन पहिल्यांदा उभं केलं होतं. वॉकरच्या डाव्या पायावर खडूनं ओके लिहिलेला होता. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणत होती, आजी, दारापर्यंत चला. आणि अक्का हलत नव्हत्या. भिंतीकडं बघत होत्या. काशव्वा भेटायला आली होती, पदरात दोन मोसंबी घेऊन कोपऱ्यात उभी होती.

अण्णा अक्कांच्या समोर जाऊन उभे राहिले. दोन्ही हातांत भाजीचा स्टीलचा डबा, पुढं धरलेला. जन्मभर जिला ‘तू’ म्हटलं तिला ते त्या दिवशी, माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदा आणि शेवटचं, ‘अहो’ म्हणाले.

“या हो. घाई नाही. सावकाश.”

अक्कांनी एक पाऊल टाकलं. अण्णा एक पाऊल मागं सरले. आणखी एक. डबा तसाच पुढं, पाठीमागं न बघता, औषधांची गाडी, बाकं, माणसं चुकवत ते उलटे उलटे दाराकडं चालले होते आणि अक्का त्यांच्यामागून त्यांच्यासमोर. तेवढ्यात कोपऱ्यातून काशव्वा, कुणाला सांगायचंय याचं भान न राहून, मोठ्यानं म्हणाली:

“अय्य, आमचा सर्ज्याबी अस्साच आला होता की.”